रखमाजीचा फोटो

भाईंदर (पूर्व)
१८ फेब्रुवारी १९९४

श्री. बुद्धभूषण साळवे यांस,
सप्रेम जयभीम.

अक्षर ओळखीचं नाही म्हणून तुम्ही पाकीट उघडलं असेल. आता नाव वाचून ते फाडू नका. मी वैजयंता. तुमच्या घरात माझं नाव कसं घेतात याचा मला अंदाज आहे आणि त्यावर मी काही लिहिणार नाही. काम आहे म्हणून लिहितेय. पत्ता तुमच्या शाळेतल्या एका शिक्षकांच्या भावाकडून मिळाला. ते इथे केबिन रोडला राहतात. त्यांना दोष देऊ नका, मी फार मागे लागले होते.

काम असं. रंगप्रभात मंडळानं मुंबईत नवं सभागृह बांधलंय. त्याच्या दर्शनी भिंतीवर जुन्या नामवंत नटांचे मोठे फोटो लावणार आहेत, आणि त्यात तात्यांचं, तुमच्या वडिलांचं, नाव आहे. मी त्यांना तात्याच म्हणते, कंपनीत सगळेच म्हणायचे. मंडळाचं छापील पत्र आलं. 'काळ्या गढीचा धनी' या नाटकातल्या रखमाजीच्या भूमिकेतला तुमचा एखादा उत्तम फोटो पाठवावा, असं त्यात लिहिलंय. तात्यांनी ते पत्र वाचून उशाखाली ठेवलं. अधूनमधून काढून बघतात.

आमच्याकडे फोटो नाही. आधी आम्ही तळमजल्यावर राहायचो. एका पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात शिरलं आणि पलंगाखालची ट्रंक भिजली. सगळे फोटो एकमेकांना चिकटले. सोडवायला गेले तर कागदावरून चेहरेच निघून आले. आता इंद्रलोक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आहोत, पाण्याची भीती नाही, पण ठेवायला काही उरलेलंही नाही. नाटकाच्या मालकांचं ऑफिस केव्हाच बंद झालं.

तुमच्याकडे मात्र तो मोठा फोटो आहे. खांद्यावर घोंगडी, कपाळावर जखमेचा व्रण, नजर कॅमेऱ्याकडे नाही, कुठेतरी बाजूला. नाटक गाजलं त्या वर्षी तात्यांनी तो मुद्दाम चौकटीत बसवून तुमच्या आईसाठी, अनसूयाताईंसाठी, परभणीला पाठवला होता. हे त्यांनीच मला सांगितलंय. तो फोटो मागायचा मला हक्क नाही. फोटो देऊ नका, फक्त तिथल्या एखाद्या स्टुडिओत त्याची नक्कल काढून पाठवा. मला पाठवावंसं वाटलं नाही तर थेट मंडळाला पाठवा. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

मी लिहिलंय हे तात्यांना माहीत नाही. त्यांनी लिहू दिलं नसतं. "माझ्या मुलाकडे मी कशाचीच मागणी करायची नाही," असं ते एकदा म्हणाले होते.

तब्येत बरी आहे. घसा तेवढा बसलेला असतो.

मी तुम्हाला एकदा बघितलंय. परभणीच्या प्रयोगाला तुम्ही विंगेत बसून शेंगा खात होतात. टाळ्या पडल्या की दचकायचात. तेव्हा मी मोलकरणीचं काम करायचे, दोन वाक्यांचं.

अनसूयाताईंना नमस्कार सांगा असं लिहायला हात धजत नाही.

वैजयंता


१० एप्रिल १९९४

श्री. बुद्धभूषण यांस,
जयभीम.

तुमचं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून पुन्हा लिहितेय.

मंडळाची दोन स्मरणपत्रं आली. शेवटी तात्याच म्हणाले, "नवा काढू." मी बरं म्हटलं. त्यांनी त्या दिवशी स्वतः दाढी केली, इस्त्रीचा झब्बा घातला. झब्बा खांद्यावरून उतरत होता, मी मागून टाचण्या लावल्या. केबिन रोडला लोकेश नावाच्या मुलाचा स्टुडिओ आहे, पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढतो. त्यानं यांना स्टुलावर बसवलं, मागे निळा पडदा सोडला आणि म्हणाला, "अंकल, थोडा स्माइल."

तात्या म्हणाले, "तो पडदा काढ. आणि लाइट एकाच बाजूनं घे. दुसरी बाजू अंधारात जाऊ दे."

"अंकल, आधा चेहराच येणार मग."

"अर्धाच पुरे."

त्या मुलानं ऐकलं. तात्यांनी मान थोडी वळवली, हनुवटी उचलली, आणि खरं सांगते, क्षणभर तिथे रखमाजी बसला होता. लोकेशला काहीच माहीत नव्हतं, तरी त्याचा हात बटणावर तसाच थांबला. मग खोकला आला. खोकला थांबेपर्यंत रखमाजी निघून गेला होता, आणि फोटो त्यानंतर निघाला.

चार दिवसांनी मी फोटो घेऊन आले. तात्यांनी खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. म्हणाले, "हा माणूस कोण आहे ते मला माहीत आहे. पण याला बघायला कुणी तिकीट काढून आलं नव्हतं."

तरी पाठवला. दुसरा होताच कुठे. मंडळाचं उत्तर आलं की हा फोटो चालणार नाही, भूमिकेतलाच हवा, नाहीतर यादीतून नाव वगळावं लागेल.

म्हणून पुन्हा विनंती. परळच्या हॉस्पिटलात घशाची तपासणी चाललीय, त्यामुळे मला तुमच्याकडे यायला जमत नाही. नाहीतर दारात येऊन उभी राहिले असते. तुम्ही दार लावलं असतं तरी चाललं असतं.

वैजयंता


२ जून १९९४

प्रिय भूषण,

आता 'तुम्ही' लिहवत नाही. रागावू नकोस.

आज मंडळाचं पत्र आलं. "रखमाजीच्या वेशातला आपला उत्तम फोटो आमच्याकडे प्राप्त झाला आहे. तो मोठा करून घेण्याचे काम सुरू आहे. समारंभास आपण सपत्नीक उपस्थित राहावे." मी ते स्वयंपाकघरात वाचलं आणि ओट्याशी खालीच बसले. तू मला एक ओळ लिहिली नाहीस, पण फोटो पाठवलास. मला कशाला लिहायची ओळ. ती मला नकोच आहे.

मग मला राहवलं नाही, मी तात्यांना सगळं सांगितलं. मी तुला लिहिलं तेही आणि तू पाठवलास तेही. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "त्यानं पाठवला?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "त्याच्या हातानं पाठवला?" पुन्हा हो म्हटलं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खांदे हलत होते. मी चहा ठेवायला निघून आले.

संध्याकाळी शेजारची चंपाबेन आली तर तिला म्हणतात, "मेरे लडके ने फोटो भेजा. मास्टर है, परभणी में." चंपाबेननं आजवर तुझं नाव ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "अच्छा, आपका लडका भी है?" तात्या म्हणाले, "है ना."

समारंभ २६ जूनला आहे. रविवार आहे, शाळेला सुट्टी असेल. मी फक्त तारीख कळवतेय.

तुझी
वैजयंता


३० जून १९९४

श्री. बुद्धभूषण यांस,
जयभीम.

मागच्या पत्रात मी तुम्हाला 'तू' लिहिलं. ते मनावर घेऊ नका.

समारंभ झाला. पहिल्या रांगेत बसवलं होतं. तात्यांनी मफलर गुंडाळला होता. एवढ्या उकाड्यात मफलर कशाला, असं एकानं विचारलंही. गळ्यावर किरणांचे डाग आहेत ते दिसू नयेत म्हणून. हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. कॅन्सर आहे. जानेवारीपासून ठाऊक आहे. आजाराचं सांगून फोटो मागितला असं वाटू नये म्हणून घसा बसलाय एवढंच लिहीत राहिले.

भाषणं झाली. पाहुण्यांनी दोरी ओढली, सगळे पडदे एकदम बाजूला झाले, टाळ्या झाल्या. मी यांचं नाव शोधत होते. डावीकडून चौथं. पितळी पट्टीवर सुरेख अक्षरात 'तात्याराव साळवे', त्याखाली नाटकाचं नाव. आणि वर दशरथ.

दशरथ पालीकर. उत्तनजवळच्या पाली गावचा, आमच्याच कंपनीतला. दौऱ्यावर बस उलटून तात्यांचा पाय मोडला तेव्हा मालकांनी रखमाजीचं काम दशरथला दिलं. शेवटची दोन वर्षं तोच करायचा. तीच घोंगडी, तीच मिशी, कपाळावरचा व्रण रंगवणारा माणूसही तोच. फोटो मालकांच्या मुलाकडे एका खोक्यात सापडला म्हणे, मागे नुसतं 'रखमाजी' लिहिलेलं होतं. मंडळानं तो लावला.

मी तात्यांचा हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला, उठले, हळूहळू भिंतीपाशी गेले आणि त्या फोटोला हात जोडले. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मागे म्हणालं, बघा, स्वतःच्या भूमिकेला नमस्कार करतायत. कॅमेऱ्यांचे दिवे उडाले. शाल दिली, ती त्यांनी घेतली. दोन शब्द बोला म्हणाले तर गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली.

मी सेक्रेटरींना बाजूला घेतलं. म्हटलं, "अहो, हे ते नाहीत."

ते म्हणाले, "म्हणजे?"

"हा दुसऱ्या नटाचा फोटो आहे. दशरथ पालीकरचा."

त्यांनी फोटोकडे बघितलं, मग खुर्चीत बसलेल्या तात्यांकडे बघितलं. गाल बसलेत, केस गेलेत, दातही काढावे लागले. मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "बाई, वय झालं की माणूस बदलतोच हो. आणि तुमचीच खात्री असेल तर खरा फोटो आणून द्या, कमिटीपुढे ठेवू."

मी म्हटलं, "खरा माणूस समोर बसलाय."

"कमिटीला फोटो लागेल," ते म्हणाले, आणि पाहुण्यांना पोचवायला गेले.

परतताना टॅक्सी केली होती. दहिसरचा नाका ओलांडेपर्यंत तात्या मांडीवरच्या शालीची घडी उलगडून पुन्हा घालत होते. मग म्हणाले, "दशरथला किती वर्षांनी बघितलं." आता आवाज फार बारीक झालाय, कान जवळ न्यावा लागतो. काशिमीऱ्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "म्हणजे भूषणनं काही पाठवलं नव्हतं."

भिंतीवर दुसऱ्याचा चेहरा लागला त्याचं त्यांना काही वाटलं की नाही मला सांगता येणार नाही. हे मात्र लागलं. त्या दिवसापासून त्यांनी जेवण जवळजवळ सोडलंय. चंपाबेननं परवा विचारलं, "लडका आया था फंक्शन में?" तर हे झोपेचं सोंग घेऊन पडले.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही काहीच कबूल केलं नव्हतं. मीच मनानं ठरवलं आणि त्यांना सांगून बसले. पण आता तरी त्या फोटोची नक्कल द्या. भिंतीसाठी नको असेल तर निदान त्यांच्या हातात ठेवायला. एक ओळ लिहून द्या सोबत. खोटी असली तरी चालेल.

वैजयंता


१४ ऑगस्ट १९९४

श्री. बुद्धभूषण यांस,
जयभीम.

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. पहिल्यांदा तुमचं अक्षर बघितलं. तात्यांसारखंच उजवीकडे झुकलेलं आहे.

अनसूयाताई गेल्या हे आम्हाला कुणी कळवलं नाही. दोन वर्षं होऊन गेली म्हणता. कळवावं असं आम्ही ठेवलंच काय होतं, तेही खरं. तुमचं दुःख मी कमी करू शकत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

तुम्ही लिहिलंय: "आईनं शेवटी सांगितलं होतं, तो फोटो माझ्याबरोबर जाळा. तो माझा आहे, आणखी कुणाचा नाही. त्याप्रमाणे केलं. आता फोटो नाही. पुन्हा लिहू नये."

पुन्हा लिहू नये म्हणालात तरी हे लिहितेय, कारण एक गोष्ट विचारायची राहिली. इतकी वर्षं तो फोटो घरात कुठे होता? मला वाटायचं, कुठेतरी माळ्यावर उलटा टाकला असेल. भिंतीवर होता का? ताई त्याच्याकडे बघायच्या का? तुम्ही उत्तर देणार नाही हे माहीत आहे. पण रोज पोळ्या लाटताना हेच डोक्यात येतं. मी या माणसाबरोबर अठरा वर्षं राहिले. माझ्याकडे त्यांचा एकही चेहरा नाही, आणि त्यांनी मागे टाकलेली बाई तो बरोबर घेऊन गेली. मला ताईंचा राग यायला हवा. येत नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

तात्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. पोस्टकार्ड तांदळाच्या डब्यात ठेवलंय.

वैजयंता


२० नोव्हेंबर १९९४

श्री. बुद्धभूषण यांस,
जयभीम.

लिहू नका म्हणालात, आणि मी लिहितेच आहे. इथे मराठीत मन मोकळं करायला कुणी नाही. चंपाबेन चांगली आहे, पण तिच्याशी हिंदीत बोलावं लागतं, आणि हिंदीत मला रडता येत नाही.

मंडळाच्या सेक्रेटरींना मी पुन्हा दोनदा भेटले. शेवटी ते म्हणाले, "त्या दुसऱ्या नटाच्या घरच्यांनी लिहून दिलं की फोटो त्यांच्या माणसाचा आहे, तर आम्ही काढून टाकू." दशरथ जाऊन सहा-सात वर्षं झाली. पण त्याची बायको, विमलाबाई, पालीलाच राहते हे मला ठाऊक होतं. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली आणि गेले.

बोळ इतके अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. विमलाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मला तिनं ओळखलं. "तू ती मोलकरीन ना गं, नाटकातली?" म्हणाली. पाणी दिलं. मी समारंभातला फोटो नेला होता. वर्तमानपत्रवाल्यानं काढलेला होता. त्यात तात्या हात जोडून उभे आहेत आणि मागे भिंतीवर दशरथ. तिनं हात पदराला पुसले, फोटो घेतला, उजेडात धरला.

"ह्यो माजा मानूस हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "म्हणून तर आले. एवढं कागदावर लिहून द्या. अंगठा दिला तरी चालेल."

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. विचारलं, "कवरा मोटा लावलाय?"

मी हातानं दाखवलं. माणसापेक्षा मोठा.

"दिवा हाय वर?"

"आहे. वरून उजेड सोडलाय."

तिनं घरात कुणाला तरी हाक मारून फोटो दाखवला, परत घेऊन बसली. मग म्हणाली, "त्याचा फोटो न्हाय घरात. एक व्हता तो पोरानं घर बांदताना कुटं टाकला. तो गेला तवा पेपरात दोन वली पन आल्या न्हाईत. मालकाचं कुनी आलं न्हाय. तू पन न्हाय आलीस." खरंच होतं, मी गेले नव्हते. "आता तितं दिव्याखाली हाय. आनि मी लिवून देऊ, त्याला काडा?"

मी म्हटलं, "पण विमलाबाई, खाली नाव तात्यांचं आहे."

"नाव मना वाचता येत न्हाय," ती म्हणाली.

तिनं जेवायला थांबवलं. येताना वर्तमानपत्राचा फोटो तिच्याकडेच ठेवून आले. तिनं मागितला नाही, पण हातातून सोडतही नव्हती.

घरी येऊन तात्यांना सांगितलं. आता ते बोलत नाहीत, पाटीवर लिहितात. त्यांनी लिहिलं, 'राहू दे. दशरथ बरा नट होता.' मग ते पुसून पुन्हा लिहिलं, 'माझ्यापेक्षा शेवटचा अंक बरा करायचा.' हे खोटं आहे. मी दोघांचेही बघितलेत.

मग त्यांनी लिहिलं, 'परभणीचा फोटो?' मला आणखी लपवता येईना. तांदळाच्या डब्यातलं तुमचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढून ठेवला. मला वाटलं पाटी मागतील, ती मी पुढेही केली, त्यांनी घेतली नाही. दिवसभर तसेच बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, 'अनसूयानं नेला. ठीक आहे.' आणि खाली, 'मला कळलं असतं तर गेलो असतो का?'

मला विचारलं होतं. मी खरं उत्तर दिलं नाही. पाटी पुसून जागेवर ठेवली.

डॉक्टर म्हणतात आता घरीच ठेवा. तुम्ही आलात तर ते तुम्हाला ओळखतील. अजून डोकं स्वच्छ आहे. फार दिवस राहील असं वाटत नाही. यापेक्षा स्पष्ट मला लिहिता येत नाही.

वैजयंता


२६ मार्च १९९५

श्री. बुद्धभूषण यांस,
जयभीम.

हे गेले. मागच्या महिन्यात, दुपारी. मी पेज गाळत होते. मोठा त्रास झाला नाही, असं सगळ्यांना सांगते. तुम्हाला सांगायचं तर त्रास झाला, आणि तो बरेच दिवस झाला.

चंपाबेनच्या घरून तुमच्या शाळेत फोन लावला होता. निरोप देतो म्हणाले. संध्याकाळपर्यंत थांबलो. मग बिल्डिंगमधल्या लोकांनी विचारलं, "मुलगा येतोय का?" मी नाही म्हटलं. अग्नी केबिन रोडच्या त्या शिक्षकांच्या भावानं दिला. भला माणूस आहे.

दोन वर्तमानपत्रांत बातमी आली. नाव बरोबर, वय बरोबर, नाटकं बरोबर. फोटो मंडळाकडून घेतला होता. तुम्ही परभणीला तो पेपर बघितला असेल, तर तुम्हाला वाटलं असेल की हे आपले वडील नव्हेत, कुणी दुसरे साळवे असतील. तसं वाटून तुम्ही आला नसाल, असं मी मनाशी धरलंय. निरोप मिळाला होता की नाही ते कृपा करून मला कळवू नका.

पुण्यानुमोदन इथे घरीच केलं, साधंच. मंडळानं त्यांच्या सभागृहात वेगळी शोकसभा ठेवली होती. मी जाणार नव्हते. आदल्या दिवशी विमलाबाई दारात उभी. पालीत कुणीतरी तिला पेपर दाखवला होता. म्हणाली, "मना घेऊन चल." कुठे ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवून स्टेजवर खुर्चीत ठेवला होता. मोठा हार, पुढे मेणबत्त्या. पांढरे कपडे घातलेली मोठी मोठी माणसं येऊन वाकत होती, फुलं वाहत होती. एकानं सांगितलं की या चेहऱ्यावर नुसता प्रकाश पडला तरी प्रेक्षक गप्प होत. विमलाबाई माझ्या शेजारी बसली होती. ती नवं लुगडं नेसली होती. तिला भाषणं फारशी कळत नसावीत, पण प्रत्येक हाराबरोबर ती पुढे सरकत होती. शेवटी माझं मनगट धरून रडायला लागली. मोठ्यानं, गावातल्यासारखं. लोक मागे वळून बघायला लागले. सेक्रेटरी धावत आले आणि तिच्यापुढे वाकून म्हणाले, "आवरा वहिनी. तात्या आमचेही होते."

ते तिला तात्यांची परभणीची, लग्नाची बायको समजले. मी कोण असं कुणी विचारलं नाही. तिला पाणी आणून दिलं, हाताला धरून स्टेजवर नेलं, फूल वाहायला लावलं. तिनं फूल वाहिलं, फोटोच्या गालावरून हात फिरवला, बोटं कपाळाशी मोडली. मी खालीच उभी होते. मला एकदा वाटलं, वर जाऊन सांगावं. सांगितलं असतं तर कुणी काही केलं नसतं, फक्त तिला खाली उतरवलं असतं. म्हणून गप्प राहिले. माझ्या हातातलं फूल मी पिशवीत टाकलं आणि सभा संपल्यावर तिला पालीच्या बसपर्यंत सोडायला गेले. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "बरं झालं त्याचं. उशिरा का व्हईना." मी हो म्हटलं.

आता कामाचं. इंद्रलोकमधला फ्लॅट तात्यांच्या नावावर आहे. आमचं लग्न कागदावर कधी झालं नव्हतं, ते तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा घर तुमचं. सोसायटीचे लोक मला म्हणाले, तुम्ही राहा, कोण येणार आहे विचारायला. मला तसं राहायचं नाही. भांडी, पलंग, त्यांचे कपडे, सगळं जागेवर आहे. कपडे तुम्हाला होणार नाहीत, शेवटी ते फार बारीक झाले होते. आतल्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, तेवढी जपून लावा.

किल्ली चंपाबेनकडे ठेवतेय. ती गुजराती-हिंदी बोलते, पण तुम्ही नाव सांगितलंत की देईल. ती तुमची वाट बघतेय. मुलगा मास्तर आहे, एकदा येईल, असं तात्यांनी तिला सांगून ठेवलंय, आणि ते तिच्या डोक्यातून काढायला मला जमलं नाही.

मी कुठे जातेय ते लिहीत नाही. तुम्हाला विचारावंसं वाटणार नाही. वाटलंच, तर तेही चंपाबेनला ठाऊक आहे.

वैजयंता